गतकुळ नावे : भीमाखोऱ्यातील माशांच्या नामकरणाचा इतिहास

खर्डा हे नाव कानी पडताच महाराष्ट्रीय वाचकाला ११ मार्च १७९५ हा दिवस आठवतो. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, नाना फडणिसांच्या कारभारात, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार ज्या रणांगणावर अखेरचे एकत्र आले आणि निजामअलीस निंबाळकरांच्या ज्या भुईकोटाचा आसरा घेणे प्राप्त झाले, ते रणांगण आणि तो कोट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या परिचित झाले आहेत. परंतु ज्या भूमीवर ही लढाई झाली तिला आणखीही एक इतिहास आहे, आणि तो बखरींत किंवा खलित्यांत सापडत नाही. बालाघाटाच्या या धारेवरून पाण्याची वाटणी होते. उत्तरेच्या अंगाला पडलेला पाऊस मांजरेच्या वाटेने गोदावरीस मिळतो. दक्षिणेच्या अंगाला पडलेला पाऊस खैरी, विंचरणा अशा लहानमोठ्या प्रवाहांनी सीनेत, सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातो. दोन खोऱ्यांमधला हा उंचवटा माणसाला किंवा गुराला एका दुपारीत ओलांडता येतो; पण पाण्यावाचून ज्याचा श्वास चालत नाही त्या माशाला तो युगानुयुगे ओलांडता येत नाही. म्हणूनच दख्खनच्या नद्यांत दिसण्यात अगदी सारखे आणि वंशाने मात्र निराळे असे जीव शेजारी शेजारी नांदत आले आहेत, आणि त्यांना ओळखणे व ज्याचे त्याला नाव देणे हे गेल्या दोन शतकांतील एक चिकाटीचे, जबाबदारीचे आणि पुष्कळदा वादग्रस्त काम होऊन बसले आहे.

या कामाचा आरंभ ज्या माणसाने केला त्याचे मूळ काम मासे पाहण्याचे नव्हते. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातील अधिकारी. १७९० मध्ये जन्मलेला हा गृहस्थ पेशवाई संपून इंग्रजी अंमल स्थिरावत असताना दख्खनेत होता. आणि १८२४ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, त्याची नेमणूक सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून झाली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची जमीन, पीकपाणी, हवामान, लोकसंख्या, वजनेमापे, जमाबंदी आणि वतने यांची साद्यंत माहिती गोळा करून ती सरकारदरबारी रुजू करावयाची, अशी ही कामगिरी होती. १८३१ मध्ये हिंदुस्थान सोडीपर्यंत साइक्स या मुलखात हिंडत राहिला. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा त्या काळचा वृत्तांत ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांना साइक्सने ब्रिटिश असोसिएशनपुढे ठेवलेल्या चार जिल्ह्यांच्या अहवालाकडे आजही वळावे लागते.

गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे चाळताना साइक्सचे लक्ष एका जुन्या व्यवस्थेने वेधून घेतले आणि तिच्यावर त्याने पुढे स्वतंत्र निबंधही लिहिला. गावची जमीन थळांत आणि जत्थ्यांत विभागलेली असे, आणि मिरासदारास थळकरी म्हणत. ही थळे मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या नावांनी ओळखली जात. पुढे एखाद्या घराण्याचा वंश खुंटला, त्याची जमीन गतकुळ म्हणून नोंदली गेली, ती तिसऱ्याच कोणाच्या नांगराखाली आली, तरी थळाला नाव त्या मूळ घराण्याचेच चालू राही. नाव दप्तरात राहिले आणि धनी मात्र बदलला, ही स्थिती साइक्सने जमिनीच्या बाबतीत नीट पारखून नोंदवून ठेवली. त्याने स्वतःच दिलेल्या काही नावांच्या वाट्याला पुढे हीच दशा यावयाची होती, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

सरकारी कामगिरीच्या जोडीने साइक्स मुलखातील प्राण्यांचीही मोजदाद करीत असे. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३१ मध्ये आणि पक्ष्यांची १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढे ठेवली. माशांवरील त्याचा निबंध १८३८ मध्ये त्याच मंडळापुढे वाचण्यात आला, १८३९ मध्ये त्याचा गोषवारा छापून निघाला आणि १८४१ मध्ये चित्रांसह विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. पुण्याजवळची मुळा-मुठा, चाकणच्या बाजूची इंद्रायणी आणि मुख्यतः भीमा या नद्यांतून त्याने मासे मिळविले. श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी बहादुरगडामुळे प्रसिद्ध असलेले जे पेडगाव, त्याचेही नाव या निबंधात येते; तेव्हा नगर जिल्ह्याच्या सरहद्दीवरील पाण्याचा या शास्त्राशी संबंध आरंभापासून आहे.

त्या काळच्या बहुतेक युरोपीय पंडितांची रीत अशी की, नवा प्राणी मिळाला म्हणजे त्यास ग्रीक-लॅटिनमधील एखादे विशेषण द्यावयाचे किंवा एखाद्या मित्राचे, आश्रयदात्याचे नाव जोडावयाचे. साइक्सनेही हे थोडेफार केले. मंडळाचे चिटणीस असलेले व्हिगर्स आणि ऑगिल्बी यांची नावे त्याने भीमेच्या दोन चपट्या, चंदेरी माशांना दिली, आणि इंग्लंडच्या माशांवर ग्रंथ लिहिणाऱ्या यॅरेलचे नाव एका थोराड मुंडक्याच्या माशाला मिळाले. परंतु त्याच्या यादीतील बहुसंख्य नावे नदीकाठच्या भोई-कोळ्यांच्या तोंडची आहेत. खुद्री, मुसुल्ला, कोळूस, नुक्ता, पोटैल, बोगुट, मुल्या, कवरूस, सांडखोळ, बलुकी, आळकुटी, टाकरी, शेंगटी, इचकी, गोगरा, मुरे ही सारी नावे त्याने कानावर पडतील तशी रोमन लिपीत उतरवून घेतली आणि शास्त्राच्या दप्तरात कायमची दाखल केली. आज जगातील कोणत्याही देशाच्या संग्रहालयात, कोणत्याही भाषेच्या मत्स्यशास्त्रीय ग्रंथात, लेबिओ बोगुट, गारा मुल्या, मिस्टस शेंगटी, रिटा गोगरा या जोडनावांचा उत्तरार्ध मराठी मुलखातील जाळेकऱ्यांच्या बोलीतून आलेला आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांचा नामनिर्देशही निबंधात नाही, अशा माणसांच्या जातिवंत निरीक्षणाचा हा पुरावा आहे.

हे निरीक्षण किती बारीक होते हे पाहावयाचे असेल तर नुक्त्याचेच उदाहरण घ्यावे. हा मासा इंद्रायणीत मिळाल्याची नोंद साइक्सने केली आहे. बाजूने पाहिले असता अंगाने तो एखाद्या साध्या कानोशीसारखा वाटतो. तेच मोठे खवले, तीच मागे निमुळती होत जाणारी शेपटी. परंतु तोंडापाशी दृष्टी गेली म्हणजे थबकावे लागते. डोळ्यांच्या पुढे कपाळाचा भाग एखाद्या ठोंबासारखा बाहेर आलेला असतो, त्याच्या खाली आडवी खोल खाच असते, आणि त्या खाचेच्याही खाली, जवळजवळ पोटाच्या बाजूला, दगडावरचे शेवाळ खरवडणारे तोंड असते. जाळ्यातून शेपन्नास मासे एकदम काठावर पडले, तरी सरावलेला भोई त्या राशीतून नुक्ता नुसत्या बोटाच्या स्पर्शाने वेगळा काढील. अशा माशाच्या बाबतीत संशयाला जागा राहत नाही, म्हणून त्याचे नाव साइक्सच्या काळापासून आजतागायत त्याच्याकडेच अबाधित आहे. अडचण उभी राहते ती जेथे ठोंब नाही, खाच नाही, आणि दोन मासे भावंडांसारखे दिसतात तेथे.

मोठ्या खवल्यांचे जे मासे महाशीर या सामान्य नावाने ओळखले जातात, त्यांच्यात ही अडचण फार मोठी आहे. महाशीराची ओळख पटवावयाची म्हणजे त्याच्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवरील खवले एकेक करून मोजावे लागतात. खुद्रीत ते साधारण २५ ते २७ भरतात. मग डोक्याची लांबी व शरीराची उंची यांचे प्रमाण काढावे लागते, मिशांच्या दोन्ही जोड्या तपासाव्या लागतात, पाठीवरच्या पराचा न दुभंगलेला काटा किती जाड व किती लांब हे पाहावे लागते. इतके करूनही फसगत होण्याचा संभव असतोच. एखाद्या महाशीराचे ओठ मांसल होऊन लोंबू लागतात, तर त्याच डोहातील दुसऱ्याचे पातळ राहतात, आणि जुन्या अभ्यासकांनी एवढ्यावरून त्यांना वेगळे गणले. परंतु ओठांची ही वाढ नदीच्या तळाशी आणि खाद्याशी संबद्ध आहे, जातीशी नाही, हे मागाहून सिद्ध झाले. वय, ऋतू, पाण्याची गढूळता, विणीचा काळ यांच्यामुळे रंग पालटतो. जिवंत मासा आणि स्पिरिटाच्या बरणीत वर्षभर राहिलेला मासा यांत तर इतका फरक पडतो की, ज्याने तो पकडला त्यालाही तो सहज ओळखू येऊ नये.

या संकटावर शास्त्राने जो उपाय योजिला तो दप्तरी स्वरूपाचाच आहे. लिनीयसच्या ग्रंथाच्या १७५८ मधील दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या नावांची गणना सुरू होते, आणि एकाच प्राण्यास दोन नावे दिली गेली असतील तर जुने नाव ग्राह्य धरावे, हा दंडक ह्यू स्ट्रिकलंडच्या पुढाकाराने १८४२ मध्ये लेखनिविष्ट झाला. ज्या समितीने ते नियम तयार केले तीत चार्ल्स डार्विन होता आणि ज्याचे नाव भीमेच्या माशास मिळाले तो ऑगिल्बीही होता. पुढे आंतरराष्ट्रीय नियमावली सिद्ध झाली आणि मूळ नमुन्याचे महत्त्व ठरून गेले. ज्या एका प्रत्यक्ष प्राण्यावरून वर्णन केले तो प्राणी संग्रहालयात जतन करावयाचा, त्यावर चिठ्ठी बांधावयाची, आणि पुढे कधीही वाद उपस्थित झाला तर सारे वादी-प्रतिवादी त्या नमुन्यापाशी आणून रुजवात करावयाची. नाव ही जर सनद मानली, तर मूळ नमुना हा तिच्यावरचा शिक्का होय. शिक्का हरवला म्हणजे सनदेवर कोणीही हक्क सांगू शकतो.

साइक्सच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याने ताज्या माशांवरून वर्णने लिहिली आणि चित्रे काढली. परंतु खुद्री व मुसुल्ला यांचे मूळ नमुने आज कोठेही उपलब्ध नाहीत. मागे राहिली ती काही ओळींची वर्णने व चित्रे. वर्णने प्रामाणिक होती, पण पुढील शतकात जे प्रश्न विचारले जाणार होते त्यांची उत्तरे त्या ओळींत नव्हती. त्यामुळे साइक्सनंतर आलेल्या प्रत्येक अभ्यासकास त्या तुटपुंज्या कैफियतीवरून निवाडा करावा लागला, आणि निवाडे बदलत गेले. फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेला हिंदुस्थानच्या माशांवरील ग्रंथ पुढे अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. त्यात त्याने महाशीरांच्या बऱ्याच नावांचा समावेश एकाच जातीखाली करून टाकला. ज्या पंडिताने सबंध देशाचे मासे पाहिले, त्याला लहान भेद क्षुल्लक वाटणे स्वाभाविक होते. पण एकदा एका सदराखाली जमा झालेली नावे पुन्हा सुटी करण्यास पाऊण शतक लागले.

ती सुटी करण्याचा मोठा यत्न सुंदरलाल होरा यांनी केला. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पुढे संचालक झालेले होरा (१८९६–१९५५) हे आपल्या देशातील मत्स्यशास्त्राचे थोर आचार्य. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भारतातील गळाने पकडावयाच्या माशांवर दीर्घ लेखमाला लिहिली, आणि १९४३ मध्ये तिच्यातील एक लेख खास साइक्सच्या दख्खनी माशांची ओळख निश्चित करण्यासाठी खर्ची घातला. खुद्रीला तिचे स्वतंत्र स्थान मिळाले. ती आज टॉर खुद्री या नावाने ओळखली जाते. परंतु मुसुल्ला या नावाचा अर्थ लावताना होरा यांनी तो पाठीला उंच कुबड असलेल्या थोराड महाशीराकडे जोडला. होरा यांच्या अधिकाराला साजेसाच मान या निर्णयाला मिळाला, आणि पुढील सत्तर वर्षे पुस्तकांतून, याद्यांतून, सरकारी अहवालांतून कुबडा महाशीर म्हणजे मुसुल्ला हे समीकरण रूढ होऊन गेले.

हा कुबडा महाशीर खरा कोठला? तो कावेरीचा. हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ मध्ये गळकऱ्यांसाठी लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकापासून कावेरीच्या महाशीरांचा लौकिक जगभर पसरला. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी जी कबिनी, तीत १२० पौंडांचा महाशीर गळाला लागला आणि तो आजवरचा विक्रम समजला जातो. जगातील अत्यंत मोठ्या गोड्या पाण्याच्या माशांत ज्याची गणना होते, ज्याच्यासाठी लोक समुद्र ओलांडून येत, त्या माशाचे शास्त्रीय नाव मात्र शेकडो कोस उत्तरेकडील भीमाखोऱ्यातील एका निराळ्याच माशाचे होते. थळ एकाचे आणि नांगर दुसऱ्याचा, असा हा प्रकार झाला.

नावाचा हा घोटाळा ग्रंथांपुरता राहिला असता तर त्याची चिंता पंडितांनीच केली असती. परंतु नावावरून माणसे निर्णय घेतात, आणि त्या निर्णयांचे परिणाम जिवंत प्राण्यांना भोगावे लागतात. धरणे, वाळूउपसा, सुरुंगांनी होणारी मासेमारी यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाशीर सर्वत्र घटू लागले. त्यांच्या रक्षणासाठी ज्यांनी मनापासून श्रम घेतले त्यांत महाराष्ट्राचे स्थान अग्रभागी आहे. लोणावळ्याजवळच्या टाटांच्या जलाशयांवर सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी करून दाखविली. सोनेरी अंडी काढून, फलित करून, वाहत्या पाण्याच्या ताटांत उबवून त्यांनी लक्षावधी बोटुकली वाढविली आणि ती अनेक राज्यांच्या नद्यांत सोडण्यासाठी पाठविण्यात आली. ज्या जातीचा वंश बुडण्याची भीती होती तो या श्रमांनी सावरला, हे यश निःसंशय मोठे आहे.

परंतु ही बोटुकली कावेरीतही गेली. महाशीर तेवढे एक, अशी त्या वेळची सर्वसाधारण समजूत. मग उत्तरेचा महाशीर दक्षिणेच्या नदीत सोडण्यात वावगे काय, असेच कोणासही वाटले असते. निळसर परांचे हे महाशीर कावेरीत रुजले, वाढले, आणि तांबूस परांचा मूळचा कुबडा महाशीर मागे पडत चालला. १९९८ ते २०१२ या काळात गळकऱ्यांनी ठेवलेल्या नोंदवह्यांचा ताळा जेव्हा एड्रियन पिंडर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी घेतला, तेव्हा हे चित्र स्पष्ट दिसून आले. आपल्या नदीत आपणच परका होत चाललेल्या या माशाच्या रक्षणाची मागणी करावी, तर तीही करणे कठीण. कारण मुसुल्ला या नावाखाली तो कृष्णेच्या खोऱ्यातही नांदत असल्याचे कागदोपत्री दिसत होते. ज्याचे स्वतंत्र नाव दप्तरी नाही त्याच्या ऱ्हासाचा स्वतंत्र हिशेब कोण ठेवणार?

या गुंत्याची उकल दोन टप्प्यांनी झाली. २०१३ मध्ये नाइट, राय आणि डिसूझा या अभ्यासकांनी साइक्सच्या मुसुल्ल्याचे मूळ वर्णन पुन्हा काळजीपूर्वक वाचून असे दाखवून दिले की, हा मासा महाशीरांपैकी नव्हेच. तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतला, कृष्णा-भीमेच्या पाण्यातला मासा आहे. नाव मूळ धन्याकडे परत गेले. कावेरीचा कुबडा महाशीर आता निनावी झाला. परंतु निनावी असणे हे चुकीच्या नावाने असण्यापेक्षा बरे, कारण त्यामुळे शोधाची निकड उत्पन्न होते. २०१८ मध्ये पिंडर, राजीव राघवन, पुण्याच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मापे, अवयवांची ठेवण आणि जनुके या तिन्ही पुराव्यांची रुजवात घालून असा निष्कर्ष काढला की, कावेरीची उपनदी असलेल्या पांबार नदीतील लहान नमुन्यांवरून पूर्वीच वर्णिलेली टॉर रेमादेवी ही जात आणि कुबडा महाशीर हे एकच होत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. ज्या माशाला सारे जग दीडशे वर्षे ओळखत होते, त्याला रक्षणाचा हक्क मिळण्यासाठी आधी स्वतःचे नाव मिळावे लागले.

सारखेपणामुळे होणारा हा भ्रम आपल्याच नद्यांपुरता आहे असे नाही. जेथे माणसाची दृष्टी पोहोचणे सर्वांत कठीण, त्या समुद्रतळावरील शिंपांची कथा याहूनही बिकट आहे. मुंबईच्या गोदीत १८८१ मध्ये बांधल्या गेलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण-जहाजाने अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांच्या खोल तळावरून जाळी ओढून जे शंखशिंपले वर काढले, ते आल्फ्रेड अल्कॉकसारख्या जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञांच्या हातून ब्रिटिश म्युझियममध्ये एडगर स्मिथकडे जात, आणि स्मिथ कवचांवरून त्यांना नावे देई. एका पातळ कवचाच्या शिंपेस त्याने अल्कॉकचेच नाव दिले आहे. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम डॉल याने १८९१ मध्ये पॅसिफिकच्या खोल पाण्यातील एका पांढऱ्या शिंपेवरून कॅलिप्टोजेना ही प्रजाती स्थापन केली. तेव्हा तो प्राणी कसा जगतो हे कोणास ठाऊक नव्हते. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, उष्ण झऱ्यांच्या तोंडाशी, याच कुळातील वीतभर लांबीच्या शिंपांचे थवे प्रथम दृष्टीस पडले. १९८० मध्ये बॉस आणि टर्नर यांनी त्यांस नाव दिले. त्यांचे मांस रक्तासारखे लाल असते, पचनसंस्था खुरटलेली असते, आणि त्यांच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू भूगर्भातून येणाऱ्या गंधकयुक्त वायूवर त्यांना पोसतात.

या शिंपांच्या बाबतीत अभ्यासकाच्या हाती येते ते बहुधा एक पांढरे, खडूसारखे भुरभुरीत, कडांशी झिजलेले कवच. बिजागरीचे दात, स्नायूंचे वण, कवचाची लांबी-रुंदी, एवढ्यावरून जाती ठरवाव्या लागत. आणि एकाच वसाहतीतील तरुण व वृद्ध शिंपांचे आकार वेगळे, तर हजारो मैल दूरच्या दोन भिन्न जातींचे आकार सारखे, असा अनुभव येई. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जनुकांची तपासणी होऊ लागल्यापासून एकाच नावाखाली नांदणाऱ्या अनेक जाती वेगळ्या झाल्या आणि वेगवेगळ्या नावांखालील काही शिंपा एकाच जातीच्या ठरल्या. जो माणूस पूर्वी दहा कवचे मांडून त्यांतील लहानमोठेपणा पाही, तो आता कवचाबरोबर मांसाचा तुकडाही जपून ठेवतो. आपल्या किनाऱ्याचाही या शोधाशी संबंध आला आहे. २००७ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढील समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यात याच कुळातील शिंपांची जुनी कवचे सापडली, आणि गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांवरून तेथे पूर्वी थंड वायुझरे वाहत असल्याचा निष्कर्ष मांडला. बालाघाटाच्या धारेवर जे पाणी दोन वाटांनी फुटते, त्या दोन्ही नद्यांच्या मुखापुढचा हा तळ आहे. आणि तेथेही अभ्यासकापुढे उभा राहणारा प्रश्न भीमेच्या काठावरचाच आहे, की समोर असलेला जीव नक्की कोण.

या सबंध इतिहासातून जे निष्पन्न होते ते असे की, दोन सारख्या जिवांमधला भेद ओळखणे ही हौस किंवा पांडित्याचा विलास नाही. ते एक न्यायदानाचे काम आहे. त्यात पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, दप्तर लागते, आणि चुकलेला निवाडा पुन्हा उघडण्याचे धैर्यही लागते. साइक्सने साक्षीदार म्हणून योग्य माणसे निवडली, पण शिक्का जपला गेला नाही. डे याने दप्तर आटोपशीर केले, पण त्यात भिन्न वंश एका सदरात गेले. होरा यांनी सदरे पुन्हा लावली, पण एका नावाचा धनी चुकला. पुढच्यांनी ती चूक सुधारली ती होरा यांच्याच लेखांच्या आधारे, कारण होरा यांनी आपला निर्णय कोणत्या पुराव्यावर बसविला ते पारदर्शकपणे लिहून ठेवले होते. या परंपरेत कोणाचेही श्रम वाया गेले नाहीत. प्रत्येकाने मागच्याच्या कागदावर पुढची ओळ लिहिली.

आता प्रश्न उरतो तो आपल्या पिढीने कोणती ओळ लिहावयाची हा. साइक्सने पाहिलेली भीमा आज राहिलेली नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या धरणाने वाहती नदी अडवून तिचा विस्तीर्ण जलाशय केला, आणि वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणाऱ्या नुक्ता, खुद्री यांच्यासारख्या माशांचे डोह बुडाले. त्या जलाशयात बाहेरून आलेली चिलापी इतकी फैलावली की बाजारात टोपल्यांमागून टोपल्या तिच्याच उतरतात. सीना, खैरी, विंचरणा यांच्यासारखे लहान प्रवाह उन्हाळ्यात तुटक डोहांपुरते उरतात. पण ज्या लहान माशांना मोठ्या जलाशयात थारा नाही, त्यांच्या उरल्यासुरल्या वस्तीचे ठिकाण हेच डोह असतात. मुरे, मुल्या, इचकी यांच्यासारखे बोटभर लांबीचे मासे बाजारात विकले जात नाहीत म्हणून त्यांची दखल घेतली जात नाही, आणि एकसारखे दिसणारे भिन्न वंश दडून राहण्याचा संभव अशाच लहान माशांत सर्वाधिक असतो.

यासाठी फार मोठ्या खर्चाची किंवा साधनांची वाट पाहण्याचे कारण नाही. खर्डा, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, करमाळे या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या ओढ्यांतील माशांचे व शिंपल्यांचे नमुने रीतसर जतन करावेत. प्रत्येक नमुन्यास जागा, दिवस, पाण्याची स्थिती आणि पकडणाऱ्याने सांगितलेले स्थानिक नाव यांची चिठ्ठी बांधावी. अंगाचा लहानसा तुकडा जनुकतपासणीसाठी वेगळा राखावा. आणि ताज्या माशाचे, रंग उतरण्यापूर्वीचे, छायाचित्र त्यास जोडावे. वृद्ध भोयांकडून त्यांच्या माहितीतील सारी नावे, सवयी, विणीचे दिवस आणि डोह उतरवून घ्यावेत, आणि या वेळी ज्यांनी सांगितले त्यांची नावेही त्यांच्या संमतीने दप्तरी नोंदवावीत, कारण दोनशे वर्षांपूर्वी राहून गेलेले ते एक देणे आहे. ज्या मुलखाच्या बोलीने जगाच्या मत्स्यशास्त्राला इतकी नावे पुरविली, त्या मुलखात त्या नावांचे खरे वारस अजून हयात आहेत किंवा कसे, याची चौकशी आपणच केली पाहिजे. एखादे नाव गतकुळ झाले असे नोंदविण्यापूर्वी प्रत्येक डोह पाहून घेणे हे जिवंत वंशाच्या बाबतीत आपले कर्तव्य आहे, आणि ते पुढच्या पिढीवर ढकलण्याजोगे नाही.